तिसऱ्या वर्षाला प्रवेश

शुक्रवारी दुपारी तीनला बँकेचं काउंटर बंद व्हायचं, आणि त्याआधी खासगी विद्यापीठाची प्रवेश-फी भरायची. नाही भरली तर जागा गेली. भरली तर पैसे परत मिळणार नाहीत, तसं पत्रातच लिहिलं होतं आणि खाली आभारही मानले होते. सोमवारी सत्यजितने ते पत्र जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं, जणू मुलीकडच्यांनी नारळच पाठवलाय.

"झालं काम! आर्किटेक्चरच्या डायरेक्ट थर्ड इयरला. दोन वर्षांत डिग्री."

पद्मिनीने पत्र वाचलं आणि होतं तिथे ठेवलं. "सरकारी विद्यापीठाचा निकाल पुढच्या बुधवारी आहे."

"आणि त्यात नाही आलीस तर? अकरा जण आणि जागा दोन. त्यातून रात्रीचा कोर्स. पुण्यात काय सांगू, बायको नाइट कॉलेजला जाते?"

"पावणेसहाला सुरू होतो. तेव्हा रात्र होत नाही."

"लोकांना काय ते घड्याळ दाखवत फिरू?"

"फी निम्मी आहे, ते दाखव."

पद्मिनी ही भोसरीच्या लक्ष्मण सेंट्रिंगवाल्याची मुलगी. बापाचा जन्म स्लॅबखाली फळ्या ठोकण्यात गेला. साइटवर पांढऱ्या शर्टातले आर्किटेक्ट यायचे, नकाशा उलटा धरायचे, आणि चूक निघाली की शिव्या लक्ष्मण खायचा. बारावीनंतर पोरगी म्हणाली, मी आर्किटेक्ट होते. बापाने फी विचारली आणि घरी येऊन दोन दिवस पैशांचा मेळ घातला, बसला नाही. मग बी.कॉम., मग लग्न. लग्नाच्या बोलण्यांत सासरच्यांनी माहितीच्या कागदावरचं 'सेंट्रिंगवाला' खोडून 'बांधकाम व्यावसायिक' केलं. खोडणाऱ्याला लाज वाटली नाही, लाज वाटावी अशी अपेक्षा होती ती बापाकडून.

दोन हजार तीन साली ती जपानात, ओजिमाला आली. नवरा एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर कंत्राटी इंजिनिअर. बिल्डिंगमधल्या मराठी बायका दुपारी एकमेकींकडे चहाला जमत. पद्मिनी सकाळी डब्याच्या कारखान्यात भात भरत होती आणि दुपारी वॉर्ड ऑफिसच्या वर्गात जपानी शिकत होती. त्या जपानीच्या जोरावर ती दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात शिरली. विषय घरबांधणी. वर्गात एकोणीस वर्षांच्या मुली, आणि त्यांच्यात ही एकोणतिशीची. हे कॉलेज मार्चमध्ये संपणार होतं. तिथून परीक्षा देऊन मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. एप्रिल दोन हजार आठला जायचं, मार्च दहाला बाहेर पडायचं.

मार्च दहालाच सत्यजितचं कंत्राट संपत होतं. पुढे पुणं. म्हणजे पद्मिनीच्या हातात मोजून दोन वर्षं होती. वर एक महिना नाही.

"अगं, मिळतंय ते घे," वरच्या मजल्यावरची केतकी मंगळवारी म्हणाली. "केवढं नाव आहे त्या विद्यापीठाचं! काचेची बिल्डिंग, आत कॅफे. आणि नाइट कॉलेज म्हणजे आमच्याकडे गॅरेजमधली पोरं जायची."

"मग तिथे कामाची माणसं भेटतील."

"तुझ्याशी बोलायची सोय नाही बाई!"

पद्मिनीला भीती वाटत नव्हती असं नाही. अकरा जणांत ती एकटी परदेशी होती. पण तिच्या डोक्यात वेगळाच भुंगा होता. सप्टेंबरात अर्ज भरण्याआधी ती रीतीप्रमाणे सरकारी विद्यापीठाच्या मोरिता सरांना भेटायला गेली होती. सरांनी तिची विषयांची यादी पुढे ओढली, लाल पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ तपासली. हा विषय धरू. हा नाही, पुन्हा करावा लागेल. तासाभराने म्हणाले, "दोन वर्षांत होईल. दमाल, पण होईल." खासगीवाल्यांनी अशी पेन्सिल कुठे उचलली होती?

बुधवारी ती खासगी विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन उभी राहिली. निळ्या सुटातली मुलगी वाकली.

"माझे किती विषय धरणार?"

"ते प्रवेशानंतर, एप्रिलमध्ये ठरतं."

"म्हणजे दोन वर्षं लागतील की तीन, हे पैसे भरल्यावर कळणार?"

"तशी पद्धत आहे." मुलगी हसली. ते हसू पगारातलं होतं.

"मागच्या वर्षी माझ्या कॉलेजातून दोघी तुमच्याकडे आल्या. त्या कधी सुटणार, तेवढं सांगा."

मुलीने मागे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "त्या डिझाइनच्या तासांना दुसऱ्या वर्षाबरोबर बसतात. एकामागून एकच करता येतात ते. दोघींनाही तीन वर्षं लागतील." आणि घाईघाईने माफी मागितली, जणू चूक तिचीच होती.

पद्मिनी तिच्यापुढे मनापासून वाकली. मालकाचं मीठ खाऊन गिऱ्हाइकाला खरं सांगणारी माणसं किती असतात?

घरी सत्यजितने ऐकून घेतलं आणि उडवून लावलं. "काहीतरीच. मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलो. वर्गमित्रांबरोबरच पास झालो. माझे विषय कोण मोजत बसलं होतं?"

"ते पुणं होतं. वर्ष दिलं की वर्ष मिळालं. इथे पत्रात तिसरं वर्ष लिहितात आणि बसवतात दुसऱ्यात."

"तू कुठल्या तरी क्लार्कच्या बोलण्यावर..."

"ऑफिसात स्पेसिफिकेशन तीनदा वाचतोस. तुझ्या साहेबाला, ओतानी-सानला, एका स्वल्पविरामावरून मेल पाठवतोस. आणि बायकोचं ॲडमिशन काचेची बिल्डिंग बघून ठरवलंस?"

तो म्हणाला, "लागलंच तर कंत्राट वर्षभर वाढवून मागेन."

"मागच्या वेळी मागितलंस, तेव्हा सहा महिने तरी दिले का?"

"आणि सरकारीत नाही आलीस तर? हातात शून्य."

"शून्य तर शून्य. पण तीन वर्षांची डिग्री दोन वर्षांवर सोडून विमानात नाही बसणार मी. माझ्या बापाला एकदा खोडलंत तेवढं पुरे."

शुक्रवारी कॉलेजचे तास नसत; अडीचला कारखान्यात तिचा फोन वाजला. सत्यजित बँकेतून बोलत होता. "शिक्का घेऊन ये पटकन. नंबर लागतोय."

तिला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि कानशिलं तापली. कपाटातलं तिचं पासबुक घेऊन गेला होता. भात भरून साठवलेले तिचे पैसे. पण जपानी बँकेत नवऱ्याच्या मोठेपणाने पैसे निघत नाहीत, सहीऐवजी खातेदाराच्या नावाचा शिक्का लागतो. आणि तो तिच्या पर्समध्ये होता.

ती बँकेत पोचली तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. डोक्यावर कारखान्याची टोपी तशीच.

"दे," त्याने हात पुढे केला. "मी तुझ्या भल्यासाठीच करतोय. उद्या रडशील."

"रडेन. पण पासबुक दे."

"पद्मिनी, लोक बघतायत."

"बघू देत. विचारलंस का मला?"

काउंटरवरच्या बाईने नम्रपणे पुन्हा नंबर पुकारला. पद्मिनीने त्याच्या हातातून पासबुक घेतलं आणि बाईला म्हणाली, "पुढच्यांना घ्या. आमचं काही काम नाही." मग खुर्चीवर बसली आणि तीन वाजून शटर खाली येईपर्यंत उठली नाही.

पाच दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. बुधवारी तो न बोलावता अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर निघाला.

फलकावर दोनच आकडे होते. त्यातला सात तिचा. सत्यजितने तो तीनदा वाचला. "अगं, आलीस!" म्हणाला आणि गर्दीत तिचा हात धरला. मग खाली बघून म्हणाला, "पासबुकाचं चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. हात मात्र सोडवला नाही.

ती सरळ ऑफिसच्या खिडकीकडे गेली. धरलेल्या विषयांचा कागद तिथे तयार होता. तिने उभ्याउभ्याच बोट ठेवत वाचला आणि बोट एका ओळीवर थांबलं. बांधकाम साहित्य, अमान्य.

"हा विषय मोरिता सरांनी धरला होता."

"समितीचा निर्णय आहे," खिडकीतला माणूस म्हणाला.

"मग समितीला पुन्हा विचारा. काँक्रीटचे ठोकळे मी स्वतः ओतले, फोडले, मोजले. वह्या आणल्यात."

"आता कशाला वाद?" सत्यजित कुजबुजला. "पास झालीस ना?"

"पास झाले ती आत यायला. बाहेर वेळेवर पडायचंय." तिने पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून खिडकीवर ठेवला. माणसाने गठ्ठ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत कुणाला तरी बोलवायला गेला.