जपून ठेवू का?

२००८ साली देवळाली कॅम्पात दिवसातून दोनदा लाइट जायची, आणि यादवशेठच्या सायबर कॅफेत दोनदा भांडणं व्हायची. अर्धा भरलेला फॉर्म गेला, सापडलेलं पान गेलं, वर तासाचे पैसे द्यायचे. कॅफे सांभाळणारी सुवर्णा पिंगळे मखमलाबादची. घरचा भाजीमळा, पण ही कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. तिने महिनाभर खपून ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. उघडलेले सगळे टॅब ते दर अर्ध्या मिनिटाला जपून ठेवायचं आणि लाइट आली की जसेच्या तसे पुन्हा उघडायचं. आठही मशीनवर ते बसलं आणि भांडणं थांबली. यादवशेठ येईल त्याला सांगायचे, "आमच्या पोरीनं बनवलंय."

चार महिन्यांनी एका दुपारी वेदिका कॅफेत आली. तिचा नवरा फौजेत, सीमेवर होता आणि ती मुलीला घेऊन कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये राहायची. ती खुर्चीवर बसली नाही. काउंटरपाशी उभी राहून तिने हळू आवाजात विचारलं, "मी बघितलेली पानं इथे कोण जपून ठेवतं?"

"मीच, ताई. म्हणजे माझं एक्स्टेन्शन ठेवतं. लाइट गेली तर—"

"मंगळवारी लाइट गेली म्हणून मी घरी गेले. लाइट आल्यावर माझ्या जागी शेजारची बाई बसली. तिच्यासमोर माझी पानं उघडली. छातीतल्या गाठीची. बहिणीला लिहिलेला मेलही, माझ्या नावासकट. मी रिपोर्टची वाट बघत होते. तोवर ह्यांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिने ते सासूबाईंना सांगितलं, आणि काल सासूबाईंचा ह्यांना फोन गेला. क्वार्टरच्या अख्ख्या लाइनीला कळलंय. हे तू कोणाला विचारून केलंस?"

लोकांचं काम वाया जाऊ नये एवढंच सुवर्णाच्या डोक्यात होतं. विचारायला हवं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

वेदिका गेल्यावर तिने वेदिका बसायची त्या पाच नंबरच्या मशीनवर एक्स्टेन्शनने साठवलेली फाइल उघडली. जुनं काही पुसायची सोयच तिने केली नव्हती. चार महिन्यांत त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाचं पान न् पान तारीखवेळेसकट तिथे होतं, आणि कुणीही उघडून वाचावं असं उघडं. तिने दारावर 'बंद'ची पाटी लावली आणि एकेका मशीनवरून एक्स्टेन्शन काढायला घेतलं.

यादवशेठ धावत आले. "अगं, लय गिऱ्हाईक त्याच्यासाठी येतंय! आणि ती यादी कशाला पुसती? कोण काय बघतंय ते आपल्याला ठावं असलेलं बरं हाय."

"ते आपल्याला ठाऊक असायचं काही कारण नाही, शेठ."

"दुकान माझं हाय, सुवर्णा."

"दुकान तुमचं. पानं त्यांची. पुसायचं नसेल तर उद्यापासून मी येत नाही. आणि का येत नाही ते विचारणाऱ्याला सांगेन."

एरवी शेठपुढे मान वर न करणारी पोरगी ही. ते पुटपुटत बाहेर गेले. तिने आठव्या मशीनवरची फाइलही पुसली.

पुढचे अकरा दिवस तिने सगळं पहिल्यापासून लिहिलं. आता एक्स्टेन्शन आधी विचारणार होतं. 'हो' म्हणणाऱ्याने स्वतःचा पासवर्ड द्यायचा, त्याशिवाय पानं उघडणार नाहीत, आणि दिवस संपला की सगळं आपोआप पुसलं जाणार. मग स्क्रीनवर दिसणारा मजकूर कागदावर लिहून ती वेदिकाच्या क्वार्टरवर गेली. वेदिकाने तिला दारातच उभं ठेवून कागद वाचला.

"'परवानगी द्या.' हा काय हुकूम आहे?"

"मग काय लिहू?"

"साधं विचार. 'जपून ठेवू का?' आणि खाली लिही, नको म्हटलं तरी चालेल. कुणी काहीच दाबलं नाही तर?"

सुवर्णा गडबडली. "तर... ठेवेल."

"मग विचारलंस कशाला?"

सुवर्णाने तिथेच पेनाने खोडून 'ठेवणार नाही' असं लिहिलं. "मला माफ करा, ताई," ती म्हणाली.

"लगेच नाही जमायचं. ह्यांना माझ्या तोंडून कळायला हवं होतं, ते आता होणार नाही." वेदिकाने कागद परत दिला. "पण तू आलीस ते बरं केलंस."

नवीन एक्स्टेन्शन बसलं. दहातले सहा-सात जण 'नको' दाबायचे. यादवशेठ कुरकुरले, "मग उपयोग काय ह्याचा?" सुवर्णा म्हणाली, "ज्याला हवंय त्याला आहे की." महिनाभर गिऱ्हाईक कमी झालं, मग क्वार्टरमधल्या बायका एकमेकींना सांगून येऊ लागल्या.

वेदिकाचा नवरा रजा काढून आला. नाशिकच्या दवाखान्यात गाठ काढली, साधी निघाली. ही बातमी मात्र वेदिकाने स्वतः, तिला हव्या त्या माणसांना, हव्या त्या क्रमाने सांगितली. सुवर्णाला ती तिसऱ्या दिवशी, वेदिकाच्याच तोंडून कळली.