कवळी

ही गोष्ट २०१६ सालची. आई घरात पडली म्हणून दवाखान्यात होती, आणि मोठी लेक आपल्या शिवणाच्या दुकानात कोटाचं माप घेत होती. गिऱ्हाईक हळहळत म्हणालं, "आईंचा फोटो पाहिला हो. तोंड अगदीच बसलंय."

त्याच्या मोबाइलवर तिने तो फोटो पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्या भावाने झोपलेल्या आईचा फोटो टाकला होता, कवळी काढलेली, तोंड उघडं. कवळी घातल्याशिवाय आई दूधवाल्यालाही दार उघडत नसे.

टेप गळ्यात तशीच ठेवून ती दवाखान्यात पोचली.

"ताई, तीनशे जणांनी हात जोडलेत," भाऊ म्हणाला.

"त्यातले भेटायला किती आले?"

"अगं, लोकांना कळायला नको?"

"कळवायला तुला तोंड नव्हतं? स्वतःचा फोटो टाकताना बरी टोपी घालतोस. टक्कल दिसेल म्हणूनच ना?"

भावाची मान खाली गेली. तेवढ्यात पलंगावर हालचाल झाली. आई जागी होती. तिने चादर डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

भावाने तो फोटो त्याच दिवशी काढून टाकला. तो आता आजोबा झालाय आणि फोटोत अजून टोपी घालतो. ताईने पुढे दुकान विकलं. भावाशी ती अजूनही कामापुरतंच बोलते. आई आणखी चार वर्षं जगली. कवळी घालून ती सगळ्यांशी हसायची, पण मुलगा आला की तोंडावर हात धरूनच बोलायची.