पाणी थांबेपर्यंत

मर्ल हॉस्टेटरने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ती बस त्याच्या अंगातून उतरली नव्हती. सहलीला जायचं ठरलं तेव्हा त्याने एका कागदावर वेळापत्रक लिहिलं आणि गाडीच्या डॅशबोर्डला चिकटपट्टीने लावून टाकलं. सहा पस्तीसला घर सोडायचं. आठ दहाला कॉफी. नऊ चाळीसला डेलावेअरची हद्द.

त्याच्या बायकोने, लोइसने, चष्मा लावून तो कागद वाचला. "आणि मध्येच मला बाथरूमला लागली तर?"

"कॉफीच्या वेळात," मर्ल म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

सहल घोड्यांची होती, निदान कागदावर तरी. पेन्सिल्व्हेनियातून निघायचं, समुद्रकाठची गावं घेत घेत खाली उतरायचं, असाटीग बेटाच्या वाळूत मोकाट फिरणारे बुटके घोडे बघायचे आणि शेवटी खाडीपलीकडच्या शिंकोटीगला मुक्काम. चाळीस वर्षं लोइस हे घोडे फक्त कॅलेंडरवर बघत आली होती. पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती दोघांनाही ठाऊक होती. शिंकोटीगला त्यांची मुलगी राहत होती. ट्रिना. खाडीत शिंपल्यांची पैदास करणाऱ्यांकडे ती कामाला होती, आणि बापलेकीचं चार वर्षांत एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. मर्लची आई गेली तेव्हा दफन सकाळी दहाला ठरलं होतं. ट्रिना पहाटे अंधारात निघून गाडी हाकत येत होती. वाटेत पुलावर दाट धुकं. तिने फोन केला, थोडा उशीर होतोय, थांबा. पाद्र्यांनीच विचारलं, "थांबू या का?" मर्ल म्हणाला, "दहा म्हणजे दहा." ट्रिना धावत, धापा टाकत पोचली तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. ज्या आजीने तिला लहानाचं मोठं केलं तिच्यावर मूठभर माती टाकायलाही तिला मिळालं नाही. आणि सगळ्या नातेवाइकांच्या देखत मर्ल तिला म्हणाला, "वेळ सांगितली होती." ट्रिना आल्या पावली परत गेली.

लोइस तेव्हा तिथेच उभी होती, हातात रुमाल घेऊन, तोंडाला कुलूप लावून. मर्लवर तिचा राग होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःवर होता. तेव्हा एक शब्द बोलली असती तर! दर रविवारी ती ट्रिनाला फोन लावायची, तेव्हा मर्ल उठून गॅरेजमध्ये जायचा. फोन संपला की आत येऊन विचारायचा, "बरी आहे ना?" बस, एवढंच.

यंदा मात्र लोइसने कंबर कसली. ट्रिनाला म्हणाली, आम्ही येतोय. मग ट्रिना म्हणाली, "बुधवारी असाटीगचे घोडे खाडी पोहून आमच्या गावात येतात, त्या दिवशी या. पार्कच्या टोकाला जुना धक्का आहे, तिथे थांबा. काम आटपलं की येईन. वेळ सांगत नाही." वेळ सांगत नाही, हे तिने दोनदा म्हटलं.

लोइसने ही सगळी हकीकत मर्लला गाडी चालत असताना सांगितली, म्हणजे त्याला गॅरेजमध्ये जाता येऊ नये. दोन गावं मागे पडली.

"किती वाजता?" शेवटी त्याने विचारलं.

"काम आटपलं की."

"ही काय वेळ झाली?"

"तिने सांगितली ती ही. तुला झेपत नसेल तर आत्ताच सांग, इथूनच मागे फिरू."

मर्लने आरशात पाहिलं, मागे कुणी नव्हतं, तरी त्याने उगाच वेग कमी केला. मागे मात्र फिरला नाही.

ओशन सिटीला त्यांनी लाकडी फळ्यांच्या वाटेवर उभं राहून व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. जिथे फक्त व्हिनेगरच चालतं तिथे मर्लने केचप मागितलं, तेव्हा गाड्यावरच्या बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की लोइसला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी असाटीग. तंबूंच्या मधल्या रस्त्यावर चार घोडे ऐसपैस उभे होते, पोटं फुगलेली, आयाळीत काटेकुटे, मालक असल्यासारखे. बाजूला पाटी होती: घोड्यांपासून एका बसच्या लांबीइतकं दूर राहा.

मर्ल हॉस्टेटरला आयुष्यात कुठल्याच पाटीने इतका आनंद दिला नसेल. टोपीवाली एक स्वयंसेवक बाई लोकांना मागे हटवत होती, तिच्याजवळ जाऊन तो म्हणाला, "बाई, ते जोडपं बघा, तेहतीस फुटांवर उभं आहे. बस चाळीस फुटांची असते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागचा दिवा कुठे येईल ते दिसतं ना मला."

त्या बाईने तासभर त्याला सोडलंच नाही. तो हात वर करून लोकांना मागे घ्यायचा, आणि लोक मुकाट मागे जायचे. तेवढ्यात एका तपकिरी घोडीने त्यांच्या गाडीच्या मागे ठेवलेल्या टोपलीचं झाकण नाकाने उचललं आणि लोइसने केलेले सगळे सँडविच, कागदासकट, फस्त केले. मर्ल बरोबर चाळीस फुटांवरून ते बघत उभा राहिला.

"अरे, हाकल की तिला!" लोइस ओरडली.

"नियम आहे," मर्ल म्हणाला. लोइसला हसावं की रडावं कळेना. हा माणूस उपाशी राहील, पण पाटी मोडणार नाही. उद्या पोरीसमोर हा काय करणार?

बुधवारी सकाळी सहाला ते पार्कच्या टोकाशी पोचले, तर तिथे आधीच हजारभर माणसं चिखलात उभी. धक्क्याजवळ एक म्हातारी घडीच्या खुर्चीत बसली होती. पायांत गमबूट, मांडीवर अंड्याचा डबा. गावात तिला सगळे मिस ऑपल म्हणत होते. मर्लने टोपी काढून तिला विचारलं, "घोडे किती वाजता सुटतात?"

"पाणी थांबलं की."

"पाणी थांबतं?"

"ओहोटी संपते आणि भरती लागायची असते ना, त्यामध्ये घटकाभर पाणी हलत नाही. तेव्हा सोडतात, म्हणजे पिल्लं वाहून जात नाहीत."

"पण अंदाजे?"

"सात ते एक."

"हा सहा तासांचा अंदाज झाला!"

"मग दुसरं काय सांगू, बाळा? घोडे आपल्या गावच्या फायर ब्रिगेडच्या मालकीचे, पण पाणी काही त्यांचं नाही." मिस ऑपलने एक अंडं सोललं. "पंचावन्न वर्षं येतेय मी. इथे घड्याळात कुणी बघत नाही. डास मारायला हात मोकळे लागतात."

आणि खरंच, डास होते, हिरव्या डोळ्यांच्या चावऱ्या माश्या होत्या, ऊन होतं. लोइस मर्लकडे चोरून बघत होती. पहिल्या तासात त्याने बावीस वेळा घड्याळ पाहिलं. पुढे माणसं वाढली तसा घड्याळाचा हात वर करायलाही जागा उरली नाही. चिखल घोट्यांवर चढला. शेजारचे लोक गप्पा मारत होते, ताक ढवळावं तसे पाय हलवत होते, आणि कुणाचंच काही बिघडत नव्हतं. दहाच्या सुमारास मर्लने मिस ऑपलकडून एक अंडं मागून खाल्लं. लोइसला हे नवीनच होतं.

साडेअकराला पलीकडच्या काठावर इशाऱ्याचा लाल धूर उठला. "सुटले!" मिस ऑपल खुर्चीवरून उठली. कळप हाकणाऱ्या स्वारांनी आरोळ्या ठोकल्या, आणि तो सगळा कळप एका रेषेत पाण्यात उतरला. दिसत होती फक्त डोकी. नाकपुड्या वर, कान मागे, आणि मोठ्या डोक्यांच्या आडोशाने पिल्लांची इवली डोकी. तीन-चार मिनिटांत सगळे अलीकडे. काठाला लागले, अंग झटकलं आणि लगेच गवत खायला लागले. जसं काही झालंच नाही.

"एवढंच?" लोइस म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एवढंच," मिस ऑपल म्हणाली. "चला आता मेन स्ट्रीटवर, तिथून मिरवत नेतील त्यांना. उशीर केलात तर जागा मिळायची नाही." लोइसने मान हलवली, आम्हाला थांबायचंय. मिस ऑपलने दोघांकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची उघडीच ठेवली. "मग ही असू दे. संध्याकाळी कुणी तरी आणून देईल."

बघता बघता किनारा रिकामा झाला. ट्रिना कुठे दिसेना.

बारा वाजले. साडेबारा. घोडेही रस्त्याने गेले. धक्क्यामागे मासळीचे दोन ट्रक उभे होते, त्यांच्या सावलीत कुणी जेवत असेल, बाकी चिटपाखरू नव्हतं. लोइस खुर्चीत बसली, मर्ल मात्र चिखलात जिथे होता तिथेच उभा राहिला, कारण ट्रिना म्हणाली होती धक्क्याजवळ. एक वाजला. खाडी पुन्हा भरू लागली. लोइसचा धीर सुटत चालला. फोन करावा तर ट्रिना उचलत नव्हती. पोरगी येणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर लोइसला तिचा दोषही वाटेना. तिला वाटलं, आपणच मूर्ख, दोघांच्या मध्ये पूल बांधायला निघालो.

"चल, मर्ल," ती म्हणाली. "नाही येत ती."

"काम आटपलं की येईन म्हणाली ना?"

"दोन वाजत आले."

"मग आटपलं नसेल."

"तुझ्या कागदावर सव्वाला निघायचं होतं."

"कागद गाडीत आहे," मर्ल म्हणाला. मग जरा वेळाने, पाण्याकडेच बघत, "तू जा, गाडीत एसी लावून बस. ऊन लागेल तुला. मी आहे इथे."

"किती वेळ?"

त्याने खांदे उडवले. लोइसने बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला किती वेळ या प्रश्नावर खांदे उडवताना पाहिलं नव्हतं. तिला एकदम त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की ती उठलीच नाही.

"घोड्यांसाठी थांबलो मी," मर्ल पुटपुटला. "साडेपाच तास. ओळख ना देख."

मागे फळ्यांवर पावलं वाजली. लोइसने वळून पाहिलं. पिवळ्या रबरी डांगरीत, केस बांधलेली, उन्हाने रापलेली ट्रिना ट्रकांकडून चालत येत होती. किती बारीक झाली होती ती!

"काम आत्ता आटपलं?" लोइसने विचारलं.

"साडेबारालाच आटपलं."

"साडेबाराला! मग इतका वेळ होतीस कुठे?"

"त्या ट्रकमागे." ट्रिना आईशी बोलत होती, पण बघत होती बापाकडे. "बघत होते, थांबतो का."

लोइसला दोघांचाही संताप आला. दीड तास उन्हात! ही पोरगी बापाच्या वरताण निघाली. आता हा काही तरी बोलणार, वेळेबद्दलच बोलणार, आणि सगळं मुसळ केरात जाणार.

मर्लने टोपी काढली. ती हातात फिरवली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मीही तेच बघत होतो."

मग तो पुढे म्हणाला, अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवत, "तुझ्या आजीला त्या दिवशी कुठे जायचं होतं गं, ट्रिना? तिला कसली घाई होती? तू येईपर्यंत ती दिवसभर थांबली असती. घाई मला होती. मला एकट्याला. चुकलो मी."

ट्रिना फळीच्या कडेला उभी होती. तिचा चेहरा वाकडातिकडा झाला, लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा. मग ती फळीवरून सरळ चिखलात उतरली.

"ये, डॅड. भरती चढतेय."

"येतो," मर्ल म्हणाला. पण त्याला येता येईना. आठ तास एका जागी उभं राहून त्याचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले होते, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रिनाने त्याला काखेत धरलं, लोइसनेही खुर्ची सोडून चिखलात उडी घेतली, आणि दोघींनी मिळून त्याला ओढायला सुरुवात केली. एक पाय निघाला. दुसरा बुटातून निघाला, बूट आतच राहिला.

"राहू दे तो," मर्ल म्हणाला. त्याचा हात लेकीच्या खांद्यावर होता आणि तो काढायची त्याला काही गडबड नव्हती.