ठमीची पहिली गोधडी

"ही गोधडी हाय का मोदक?" तानीबायने विचारलं.

ओसरीवर पसरलेल्या त्या कापडाकडे नुसतं पाहूनही ठमाताईला रडू येत होतं. चारी कडांनी टाके घालत ती आत आत आली होती आणि कडेचं सगळं सैल कापड गोळा होऊन मध्यभागी असं फुगलं होतं, की खाली एखादी कोंबडी अंड्यांवर बसली असावी. दाबलं की ते टेंगूळ इकडून तिकडे सरकायचं, पण नाहीसं काही होईना.

"आधी कच्चे टाके घातलेस का? लांब लांब टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे, सांगितलं व्हतं ना?"

"घातले थोडे. मग कंटाळा आला."

"शाळेतल्या पोरांना अर्धकच्चा भात वाढतेस का गो कंटाळा आला म्हणून?"

हे मात्र वर्मी लागलं. सापगावच्या शाळेत ठमाताई खिचडी शिजवायची, आणि तिच्या खिचडीला नाव ठेवणारं पोर अजून गावात जन्माला यायचं होतं. डोळे मिटून मीठ टाकलं तरी चुकायचं नाही. तोच हात सुई धरली की दुसऱ्या कुणाचा तरी होऊन बसायचा.

तानीबाय ओढ्यापलीकडच्या पाड्यावर राहायची. कापणीची कामं उरकली की ती गावातल्या घरोघरी गोधड्या शिवायला बसे. तिच्या गोधडीखाली झोपलेली मुलं आता आपापल्या मुलांना घेऊन गावी येत होती. ठमाताईने तिला शिवायला नव्हे, शिकवायला बोलावलं, तेव्हा तिने तोंडातली मशेरी थुंकून पुन्हा एकदा विचारून घेतलं होतं, "कोण शिकनार? तू?"

असं विचारण्यात तिची काही चूक नव्हती. ठमी आणि सुई हे वैर साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

ती परकर नेसायच्या वयाची असताना एकदा आईशेजारी गोधडीवर बसून टाके घालत होती. ओसरीवर पाहुणे आले. आई म्हणाली, "ठमे, पाणी आण," आणि ठमी उठली तर तिच्यामागोमाग अख्खी गोधडी उठली. पोरीने आपला परकरच गोधडीला शिवून टाकला होता. पाहुणे पोट धरधरून हसले. आई रागावली नाही. तिने ठमीचा सगळा दोरा उसवून काढला आणि सुई मोठ्या बहिणीच्या, अंबूच्या हातात दिली. पुढे ठमीने कधी टाका घातलाच, तर आई तो उसवायची आणि अंबू पुन्हा घालायची. शेवटी ठमीने सुईचा नाद सोडला आणि भांड्यांकडे वळली. तेव्हापासून तिची भांडी लखलखीत आणि सुई गंजलेली.

अंबू लग्न होऊन मुरबाडला गेली, पण हा किस्सा तिने गावात ठेवला नाही. गेल्या कित्येक वर्षांत अशी हळद झाली नसेल, जिथे अंबूबाईने ठमीच्या परकराची गोष्ट सांगितली नसेल. ठमाताईही हसायची. सगळ्यांत आधी आपणच हसलं की कमी लागतं, हे ती लवकर शिकली होती.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे तिची लेक भाविका. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, बाळाची गोधडी तुझ्या हातची पाहिजे हां. मावशीची तर सगळ्यांकडेच असते." तिने सहज म्हटलं. ठमाताईला तेवढ्यावर झोप लागेनाशी झाली. बारशाला पाळण्यात आजीच्या हातची गोधडी घालायची रीत होती. ती रीत या घरात तिच्या हाताने मोडणार, असं तिला वाटत होतं.

तिने ब्लेड उचललं आणि टेंगळाकडे नेलं.

"उसवू नको," तानीबाय म्हणाली.

"मग काय पूजा करू याची? घेऊन जा तू, तूच शिव. माझ्याच्याने नाय व्हनार. माझ्या आयशीला कळलं व्हतं ते मला इतक्या वर्षांनी कळलं."

"माझ्या घरी नातवंडांना भरपूर हायत गोधड्या," असं म्हणून तानीबाय उठली, गुडघे झाडले आणि निघून गेली.

संध्याकाळी अंबूबाईचा फोन आला. तिला सगळं आधीच कळलेलं असायचं. "ठमे, जीव कशाला काढतेस? मी आनते ना बारशाला शिवून. तुझ्या नावाने देऊ, कोनाला कळतंय?"

ठमाताई "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं वाटलं, आणि लगेच भांडं घासता घासता इतकं वाईट वाटलं, की तिचा नवरा गणू चहा मागायला आला आणि तिचं तोंड पाहून न मागताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती ओढा ओलांडून पाड्यावर गेली. तानीबायला सांगायचं होतं, की आता येऊ नको. तानीबाय दारात तांदूळ पाखडत होती. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन कणगीवर टाकलेली एक जुनी गोधडी आणून ठमाताईच्या मांडीवर टाकली.

"बघ कशी हाय."

ठमाताईने पाहिलं. टाके बाजारातून झिंगून घरी निघालेल्या माणसाच्या चालीने गेले होते. एक ओळ दुसरीला मध्येच जाऊन भिडली होती. एक कोपरा तर चक्क दुमडून शिवला होता.

"कोनाची गो ही?"

"माझी. पयली. सासू म्हनाली, उकिरड्यावर टाक. मी कणगीवर टाकली. अजून उंदीर आत गेला नाय." तानीबायने सूप बाजूला ठेवलं. "तुझ्या आयशीने उसवून उसवून तुझा हात घालवला. वाकडा टाका पन धरून ठेवतो, ठमे. उसवलेला काय धरनार?"

ठमाताई बराच वेळ त्या वेड्यावाकड्या ओळींवरून बोट फिरवत राहिली. मग तिला हसू आलं. तानीबायची गोधडी अशी असू शकते, हे कुणी तिला लहानपणी दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"येतेस उद्या?" तिने विचारलं.

"तू नको म्हनायला आलीवतीस ना?"

"आलीवते. आता ये म्हनते."

घरी येऊन ठमाताईने अंबूबाईला फोनवर सांगून टाकलं, की गोधडी मीच शिवते. दुसऱ्या दिवशी तानीबायने टेंगळाची एकच चूण घातली, बोटाने दाबून पाडली आणि वरून भाविकाच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचा चौकोन ठेवला. "शिव याला." ठमाताईने शिवला. टेंगूळ गेलं आणि त्या जागी निळं ठिगळ असं दिसू लागलं, जसं काही तिथे ते मुद्दामच लावलं होतं.

"एवढंच?" ठमाताई चकित झाली.

"एवढंच. लोक बघून म्हनतील, वा, काय नक्षी हाय."

मग मात्र ती शिकली. हात घाईने ओढायचा नाही, तळवा गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा कापडावरून फिरवत न्यायचा, हे तिला कळलं. खिचडीत पाणी अंदाजाने घालते तसा दोराही अंदाजाने ओढायचा असतो, फार ओढला की चुण्या आणि सैल सोडला की झोळ, हे तिच्या हातालाच आधी कळलं आणि मग डोक्याला. बोटांना भोकं पडली. गोधडीत घातलेल्या गणूच्या जुन्या धोतरावर रक्ताचे दोन ठिपके पडले, तर तो म्हणाला, "माझं धोतर एवढं शूर कधीच नव्हतं." गोधडीच्या मागच्या बाजूला तिने आईचं लुगडं लावलं होतं.

एके दिवशी दुपारी एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. ठमाताईने भाविकाला हाक मारली, गणूला हाक मारली, रस्त्याने दूध घेऊन चाललेल्या बाईलाही बोलावून दाखवली. आनंद झाला की माणूस थोडं वेड्यासारखं वागतं आणि ठमाताईने ती संधी सोडली नाही.

फक्त तानीबायची एक अट होती. बाळाच्या गोधडीत नवं कापड घालायचं नाही. "नवं टोचतं. मानसाच्या अंगावरनं गेलेलंच घालायचं." त्यामुळे भाविकाने शहापूरच्या बाजारातून हौसेने आणलेला फुलाफुलांचा तुकडा तसाच घडी करून ठेवावा लागला.

भाविकाला मुलगी झाली. घरात कामं वाढली आणि गोधडी मागे पडली. बारशाचा दिवस उजाडला तेव्हा शेवटचा कोपरा राहिलाच होता.

अंगणात मांडव, पाहुण्यांची वर्दळ, चुलीवर घुगऱ्या. ठमाताईने जावयाने आणलेली हिरवी जरीकाठी साडी नेसली होती आणि आतल्या खोलीत गोधडी मांडीवर ओढून कोपरा शिवत बसली होती. तानीबायने कोपऱ्याच्या पोटात चार दाणे तांदूळ टाकले, गोधडी कधी उपाशी राहू नये म्हणून. बाहेरून हाका येत होत्या. अंबूबाईही आली होती, आणि तिच्या काखेत घडी केलेली, बघत राहावी अशी गोधडी होती.

"झाली नाय ना? मला वाटलंच. म्हनून आनली," ती दारातून म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती, खरी माया होती, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

"झाली," ठमाताई म्हणाली. तिने गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि उठली.

गोधडीही उठली.

पदर कोपऱ्यात शिवला गेला होता. ठमाताई ओसरीवर पाळण्याजवळ आली ती गोधडी कमरेला लोंबकळत ठेवूनच. अंबूबाईला हसू आवरेना. "अगो बाई, परकर! ठमीचा परकर परत!" आणि सगळं अंगण हसू लागलं. गणू हसला, विहीणबाई हसल्या, भाविकाही हसली.

ठमाताई मात्र या वेळी आधी हसली नाही. ती अंबूबाईच्या हाताकडे पाहत होती. अंबूबाईने हसता हसताच आपल्या सुईच्या डबीतलं ब्लेड काढलं होतं. "थांब, उसवून देते. पटकन होईल."

"उसवायचं नाय," ठमाताई म्हणाली.

तिने कोनाड्यातली कात्री घेतली आणि साडीचा पदर टाक्याच्या कडेकडेने कापला. कर्र असा आवाज झाला आणि हसू थांबलं. जरीकाठी साडी, सकाळीच घडी मोडलेली.

"अगो, काय केलंस हे," अंबूबाई हळूच म्हणाली. "नवी साडी."

"आनि तानीबाय, नवं कापड चालत नाय ना?" भाविकाने विचारलं.

तानीबायने गोधडी हातात घेऊन कोपरा पाहिला. हिरवा तुकडा, त्यावर बोटभर जर. तिने अंगठ्याने टाका ओढून पाहिला. तो पक्का होता.

"सकाळपासनं अंगावर हाय ना हिच्या? चुलीपाशी बसली, घुगऱ्या ढवळल्या, रडली, घाम पुसला. झालं जुनं."

आता ठमाताई हसली, अगदी पोटातून. अंबूबाईने आपली गोधडी उलगडली आणि पाळण्यात खाली अंथरली. "माझी खाली राहू दे, मऊ हाय. वर तुझी." पहिल्यांदाच असं झालं, की ठमीचा टाका पाहून अंबूने त्यावर हात फिरवला आणि तो तसाच राहू दिला.

बाळाला पाळण्यात ठेवलं. कानात नाव सांगितलं, पाळणे म्हटले, घुगऱ्या वाटल्या. पोरीने चुळबुळ करून हिरवा कोपरा मुठीत धरला आणि झोपून गेली.

पंगत बसली. ठमाताई भाताचं पातेलं घेऊन वाढायला उठली. तिच्या पदराला वीतभर भोक होतं आणि त्यातून तिची कंबर चालताना दिसत होती.

"आई, थांब, पिन लावते," भाविका म्हणाली.

"राहू दे," ठमाताई म्हणाली आणि पदर न आवरता पुढच्या पानाकडे वळली.