शेजारचे काका

लेक घरात बोलत नव्हती, म्हणून ग्लासवाले या वयात सायकलवर बसायला तयार झाले.

ग्लासवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कागदी ग्लास, प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे असा एकदा वापरून फेकायचा माल ते होलसेलमध्ये विकत, म्हणून अख्खा बाजार त्यांना तशी हाक मारायचा. या मालावर घर झालं, लेकीचं पर्यावरणशास्त्राचं शिक्षणही याच मालावर झालं. शिक्षण पुरं झालं आणि लेकीच्या लक्षात आलं की आपला बाप पृथ्वीच्या मुळावर उठलेला आहे. तेव्हापासून ती त्यांच्याशी "दार लावून घ्या" आणि "आई बोलावतेय" एवढंच बोलायची. बाकी वेळ आपल्या खोलीत.

ती एका सायकल ग्रुपची सेक्रेटरी झाली होती. रविवारी सगळे सायकलींवरून नदीवर जाणार आणि काठ साफ करणार होते. ग्लासवाल्यांनी विचार केला, सायकलवर माणूस खोलीत जाऊन दार लावून घेऊ शकत नाही. तासभर शेजारून चालवली तर काहीतरी बोलेलच की पोर.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

लेकीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "या. पण तिथे धंद्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. कुणी विचारलं तरी."

"नाही बोलत."

कित्येक दिवसांत दोघांमध्ये एवढं लांबलचक संभाषण झालं नव्हतं. ग्लासवाले इतके हरखले की दुकानाची माल पोचवायची जुनी सायकल त्यांनी स्वतः धुतली आणि चेनकव्हरवरच्या दुकानाच्या नावावर काळा रंग फासला. बायको म्हणाली, "अहो, पावडर लावायची राहिली तिला." त्यांनी मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी सगळे चौकात जमले. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, बोटाने उचलता येतील अशा सायकली. त्यात ग्लासवाल्यांचं लोखंडी धूड, मागे खोके बांधायचं भलंमोठं कॅरिअर. ग्रुपचे अध्यक्ष डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी सायकल न्याहाळली, मग मालकाला न्याहाळलं आणि हसून विचारलं, "आपण कोण?"

ग्लासवाल्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "आमच्या शेजारी राहतात. काका."

ग्लासवाल्यांना वाटलं, ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. त्यांनी मागे वळूनही पाहिलं. मागे कुणी नव्हतं. धंदा लपवायचं ठरलं होतं; धंद्याबरोबर बापालाही गोदामात टाकायचं ठरलं नव्हतं. पण त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला.

सायकली निघाल्या. गंमत अशी की, बापाशी अबोला धरलेली पोर शेजाऱ्याशी मात्र चांगली बोलत होती. "काका, डावीकडून!" "काका, पाणी हवंय का?" चढावर ते धापा टाकायला लागले तेव्हा ती मुद्दाम मागे थांबली आणि म्हणाली, "काका, घाई नाही, दमाने या." इतक्या मायेने तिने गेल्या वर्षभरात घरात कुणाला काही विचारलं नव्हतं. ग्लासवाल्यांना रागवायचं होतं, पण जमेना. त्यांना त्या शेजाऱ्याचा हेवाच वाटायला लागला.

नदीकाठी दोन झाडांच्या मध्ये मोठ्ठा फलक ताणला होता: 'प्लास्टिक हटवा, नदी वाचवा'. फलक प्लास्टिकचा होता. त्यापुढे उभं राहून सगळ्यांनी फोटो काढून घेतले आणि मग हातमोजे चढवले. हातमोजेही प्लास्टिकचे होते, पण तो विषय कुणी काढला नाही.

कामाला मात्र ग्लासवाल्यांनी वाघासारखी सुरुवात केली. बाकीचे काठीने एकेक पिशवी उचलत होते, तोवर ते गुडघाभर चिखलात उतरले होते. चिखलातून ते ग्लास काढत, झटकत आणि पोत्यात टाकत. बराचसा माल ओळखीचा निघाला. हा लग्नाच्या हॉलला दिलेला, हा त्या ऑफिसच्या कँटीनचा. एका ग्लासावरचं हिरवं पान तर अजून लखलखत होतं. इतकी वर्षं पाण्यात राहून रंग गेला नाही! ग्लासवाल्यांची छाती क्षणभर फुगली. मग आपण कुठे उभे आहोत ते आठवलं आणि त्यांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं.

समोर लेक उभी होती, पोत्याचं तोंड धरून. ती त्या पानाकडेच पाहत होती. पान तिनेच काढलेलं होतं, शाळेत असताना, रंगीत खडूने. बापाने ते कौतुकाने छापखान्यात नेलं आणि दुकानातल्या प्रत्येक ग्लासावर छापून घेतलं. तेव्हा ती ते ग्लास वर्गात वाटत सुटली होती.

"शाई चांगली होती," ग्लासवाले पुटपुटले.

लेकीने ग्लास त्यांच्या हातातून घेतला आणि पोत्यात टाकला, पण अगदी हळू.

"काका, तुमचा हात काय झपाझप चालतो हो!" डॉक्टर लांबून ओरडले. "कचऱ्याचा अनुभव दिसतोय!"

"थोडाफार," ग्लासवाले म्हणाले.

पोती भरली आणि चहाची वेळ झाली. लेकीने सगळ्यांना चार चार वेळा बजावलं होतं की येताना आपापला कप आणायचा. लोकांनी गॉगल आणले होते, टोप्या आणल्या होत्या, मोबाईलला लावायची काठीही आणली होती. कप विसरले होते. लेकीचा चेहरा पडला, तसे डॉक्टर म्हणाले, "अगं, काळजी कशाला? मी कालच सोय करून ठेवलीय. आता येतीलच."

आणि फटफट करत स्कूटर आली. मागे खोकं बांधलेलं होतं आणि पुढे ग्लासवाल्यांची बायको बसलेली होती. तिने स्कूटर लावली, खोकं डॉक्टरांच्या हातात दिलं आणि पर्स उघडत तरातरा चिखलाकडे आली.

"अहो, बीपीची गोळी न घेता निघालात ना? मला ठाऊकच होतं. घ्या ही आधी. आणि तू गं, बाबांना एवढं लांब सायकल हाणायला लावलीस, त्यांना पाणी तरी विचारलंस का?"

डॉक्टरांनी खोक्यातून एक ग्लास वर काढला होता. त्याच्यावर हिरवं पान होतं. शेजारच्या पोत्यातूनही तसंच पान डोकावत होतं. डॉक्टरांनी ग्लासाकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग सेक्रेटरीकडे.

"पण हे तर तुमचे शेजारी ना?"

"कुठले शेजारी?" बायको म्हणाली.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचे ओठ थरथरताना ग्लासवाल्यांनी पाहिले. ही लहानपणी शाळेत नाटकाचं वाक्य विसरली होती तेव्हा अश्शीच दिसली होती.

"अहो डॉक्टर, मीच सांगितलं होतं तिला तसं म्हणायला," ते मोठ्याने हसत म्हणाले. "म्हटलं, सेक्रेटरीचा बाप कळलो तर तुम्ही मला खुर्ची द्याल, चिखलात उतरू देणार नाही. पोर तयारच नव्हती, मी गळ्याची शपथ घातली. आणि तुम्ही ग्लास मागवलेत ते नेमके माझ्याच दुकानातून, त्याला मी काय करू?"

लोक खो खो हसले. सगळ्यांत मोठ्याने डॉक्टर हसले, कारण ग्लास कुणी मागवले हा प्रश्न त्या हसण्यात वाहून गेला. चहा ओतला गेला. तहान इतकी लागली होती की काहींनी दोनदा घेतला, दुसऱ्या वेळी नव्या ग्लासात.

चहा संपला. आता हातातल्या ग्लासाचं काय करायचं, म्हणून जो तो इकडेतिकडे पाहायला लागला. एक-दोघांनी तर नुकत्याच साफ केलेल्या दगडावर हळूच ठेवूनही दिला. ग्लासवाल्यांनी रिकामं पोतं उचललं. दुसरं टोक कुणीतरी धरलं. लेक होती.

"खोटं का बोललात?" तिने खाली मान घालून विचारलं.

"बाप बोलला असता तर वाईट दिसलं असतं. शेजाऱ्याचं काय जातंय?"

बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं. इतकं लागेल असं बोलायचं नव्हतं त्यांना. लेकीने मान वर केली नाही. नुसतं पोतं घट्ट धरून ती त्यांच्याबरोबर चालत राहिली, या माणसाकडून त्या माणसाकडे.

शेवटी डॉक्टर आले. "वा काका! पुढच्या रविवारीही यायचं बरं का."

"काका नाही," लेक म्हणाली. आवाज चढला होता, सगळ्यांनी माना वळवल्या. "माझे बाबा आहेत. त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं, शेजारी मीच म्हटलं. मला लाज वाटत होती." तिने नाक ओढलं. "ग्लास टाका ना, डॉक्टर."

डॉक्टरांनी ग्लास टाकला.

परत निघाले तेव्हा पोती सगळी ग्लासवाल्यांच्या कॅरिअरवर बांधलेली होती आणि सायकल चढावर कुरकुरत होती. मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, डावीकडून!"

ते डावीकडूनच चालले होते. तरीही ते आणखी थोडे डावीकडे सरकले.