हरणीच्या गळ्यातले पाच सेकंद

मी एका गाईच्या गळ्यातला जुना पट्टा आहे आणि मित्रांनो, मी चिडलेलो आहे. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझ्या पोटात जबड्याची हालचाल टिपणारी चकती आहे. शेवगावजवळच्या एका गोठ्यात हरणी नावाच्या गाईच्या गळ्यात मला बांधले. ती रवंथ करते का ते पाहायचे आणि मालकाच्या, म्हणजे अमृतच्या, मोबाईलवर कळवायचे, एवढेच माझे काम. सुरुवातीला फार कौतुक झाले. सरपंचांनी माझ्यासोबत फोटो काढला. हरणीला त्यातून कापले.

मग अमृतला चार्जिंगचा कंटाळा आला. बॅटरी वाचावी म्हणून त्याने माझे सॅम्पल पाच सेकंदांवर आणले. म्हणजे दर तासाला मी फक्त पाच सेकंद जागे राहायचे. हरणी एक घास मिनिटभर चावते, गिळते आणि पुढचा घास वर येईपर्यंत थांबते. माझे पाच सेकंद पुन्हा पुन्हा त्या थांबण्यावरच पडले. मोबाईलवर गेले, 'रवंथ बंद.' उरलेल्या तासाबद्दल मला कोणी विचारलेच नाही.

"आई, गाय आजारी हाय. मरायच्या आत विकून टाकू."

"सकाळीच बादलीभर दूध दिलंय की तिनं," रतनबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय? पट्टा सांगतोय."

मी सांगत नव्हतो, माझ्याकडून वदवून घेत होते. माणसाला दोन श्वासांच्या मध्ये तपासायचे आणि दहाव्याचा मंडप सांगून यायचे, त्यातलाच हा प्रकार.

व्यापारी खाजाभाई टेम्पो घेऊन आले. हरणी टेम्पोत चढली. अमृतने मला काढून चारा कापायच्या यंत्राशेजारी, म्हणजे कडबाकुट्टीशेजारी, भिंतीच्या खिळ्याला अडकवले. कुट्टी चालू होती. ती थरथरत होती, भिंत थरथरत होती, मीही थरथरत होतो. नेमके तेव्हाच माझे पाच सेकंद सुरू झाले.

मोबाईल वाजला. "आई, हरणी बरी झाली. रवंथ लई जोरात चाललाय."

रतनबाईंनी खिळ्याकडे पाहिले. "मग जा, त्या भिंतीची धार काढ."

खाजाभाईंनी टेम्पोची फळी पाडली. "अमृतशेठ, गाय उतरवू का भिंत चढवू?"

अमृतने मान खाली घालून गाय उतरवली. आता मी एकेका वेळी दहा मिनिटे ऐकतो. त्याला मला रोज चार्ज करावे लागते. करू दे.

मित्रांनो, कोणाविषयी काही ठरवायचे असेल, तर निदान त्याचा एक फेरा पुरा होईपर्यंत ऐका. तेवढाही धीर नसेल, तर मला बंद करून ठेवा. बंद पट्टा कोणाची गाय विकायला लावत नाही.