मला बाकी ठिवा!

मित्रांनो, खजुरीजवळच्या एका वाडीतल्या मराठी शाळेत, कपाटावर पालथा पडलेला मेंढीचा जुना मुखवटा म्हणजे मी. माझा एक कान उंदरांनी कुरतडला आहे. पण एके काळी मी नुसती मान हलवली तरी तिसरीचा वर्ग खिदळायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुमनबाई इथे शिकवायला आल्या. भागाकारातली 'बाकी' पोरांना काही केल्या कळेना. मग बाईंनी रद्दी भिजवली, मेथीचं पीठ घालून लगदा कुटला आणि घागरीवर थापून मला घडवलं. वरची लोकर बाणूबाईने दिली. तिचा नवरा लिंगाप्पा मेंढ्या राखायचा. त्यांची तुळजा याच वर्गात होती.

तुळजा वर्गात बोलतच नसे. घरची बोली निम्मी कानडी. एकदा वाचताना शब्द चुकला, पोरं हसली, तेव्हापासून तिने तोंड मिटलं होतं. बाईंनी मला नेमकं तिलाच बांधलं.

जमिनीवर खडूने वाडगी, म्हणजे मेंढ्या कोंडायची कुंपणं, आखली. पोरं मेंढ्या झाली, बाई धनगर. प्रत्येक वाडग्यात सारख्या मेंढ्या शिरल्या आणि तुळजा एकटी बाहेर उरली. माझ्याआडून हळूच आवाज आला, "माजं वाडगं कुठाय?"

"तू बाकी!" वर्ग ओरडला. त्यानंतर 'बाकी' म्हणजे काय, हे कुणीच विसरलं नाही. आणि माझ्याआडून का होईना, तुळजा बोलू लागली.

पण गावात चराई उरली नव्हती. लिंगाप्पाने मेंढ्या विकल्या आणि तो शाळेत आला. "बाई, तुळजाचं नाव काढा. आमी पुण्याला बांधकामावर चाललाव. तितं हिच्याबिगर धाकट्या भावाला कोण सांभाळंल? अन् ही शिकून तरी काय करायलीय? तोंडच उघडंना."

"एवढा खेळ बघून जावा," बाई म्हणाल्या.

तो दारातच बसला. खेळ रंगला. शेवटी बाईंनी विचारलं, "ही एक उरली. हिला संगं न्यावं का?"

इथे तुळजाने फक्त 'बें' करायचं होतं. ती म्हणाली, "मला नेऊ नगा, अप्पा. मला हितंच बाकी ठिवा."

कुणी हसलं नाही. तिच्या आसवांनी माझा लगदा आतून भिजला. लिंगाप्पाने मला वर सरकवलं, पटक्याच्या टोकाने तिचे डोळे पुसले.

"कामून रडायलीस? घरी सांगायचं न्हाई व्हय?"

"घरी कुणी इचारलंच न्हाई."

तो तिचं बोट धरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तुळजा आली ती तिच्या आजीचा, मल्लव्वाचा हात धरून. मल्लव्वा म्हणाली, "पोरगी माज्यापाशी ऱ्हाती. धाकट्याला त्येचे मायबाप बघतेल."

आईबापाला पुण्याला नेणारी जीप निघाली त्या दिवशी तुळजाने मला शाळा सुटेपर्यंत काढलं नाही. बाईंनीही काढायला लावलं नाही.

पुढे तुळजा मोठ्या शाळेत गेली, सुमनबाईंची बदली झाली. नवे तक्ते आले, कॉम्प्युटरचं खोकं आलं आणि मला वर टाकलं गेलं. खाली पाढ्यांचा घोष चालतो. त्यात कोण गप्प आहे, हे मला इथून ऐकू येत नाही.

मित्रांनो, मला झटकून ठेवलंत तर बरंच वाटेल. पण तुमच्या वर्गात एखादं मूल गप्प बसलं असेल, तर त्याला "बोल, बोल" म्हणून दटावू नका. एखादी गोष्ट रचा आणि तिच्यात त्याला जागा द्या. ते आपणहून बोलेल. तेव्हा मात्र सगळे गप्प बसून ऐका.